तंबाखू मळून होईस्तोवर

५ मार्च १९९२, गुरुवार

डायरी खतवाल्यानं फुकट दिली. प्रत्येक पानाच्या तळाला शेतकऱ्यासाठी एक सल्ला छापलेला आहे. मला शेती नाही. पिंगळीत माझं मांडव आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. पण कोरा कागद वाया जाऊ देणं माझ्या जिवावर येतं, आणि आज लिहिण्यासारखं घडलंही आहे. परभणीहून बिनवायरचा माइक आणला!

सकाळी निघताना महादेवी दारात आडवी आली. "अहो, जरा ऐका. बन्सी परवा परभणीहून..."

"त्या माणसाचं नाव सकाळी सकाळी काढू नको," मी म्हणालो आणि चपला घातल्या. बायकोला कोणती गोष्ट कधी सांगावी हे कळत नाही.

बन्सीधर म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस. भोंगा कोणत्या झाडावर कोणत्या तोंडानं बांधायचा ते मी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी एका लग्नात त्यानं आवाजाचं मशीन उन्हात ठेवलं म्हणून मी दोन शब्द बोललो. त्या वेळी माइक चालू होता आणि ते दोन शब्द नवरदेवाच्या मिरवणुकीपर्यंत गेले, यात माझा काय दोष? पण तो उठला आणि माझ्याच दुकानासमोर त्यानं आपलं दुकान टाकलं. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

असो. माइक म्हणजे काय वस्तू आहे! हातात दांडी, दांडीत चौकोनी सेल, बाकी काही नाही. आवाज पकडणारी पेटी दुकानात मशीनला जोडून ठेवली आणि मी बोलत बोलत महादेवाच्या देवळापर्यंत चालत गेलो. आवाज माझ्या दुकानावरच्या भोंग्यातून! लोक दुकानात डोकावून मला शोधत होते. मन भरून आलं. माझ्या वडिलांनी या गावात पहिला भोंगा आणला, तेव्हा म्हणे माणसं त्याच्या तोंडात वाकून आत कोण बसलंय ते बघत होती.

संध्याकाळी महादेवी म्हणाली, "मी बोलून बघू का त्याच्यात?"

मी म्हणालो, सेल संपतील.

८ मार्च, रविवार

आज फार राग आला आहे.

आज गावात दोन लग्नं. वरच्या आळीचं माझ्याकडं, खालच्या आळीचं बन्सीकडं. माझ्याकडं मंगलाष्टकं रंगात आली होती. भटजी माझा माइक हातात घेऊन नवरानवरीभोवती ऐटीत फिरत होते. शेवटचं कडवं संपलं, अंतरपाट धरणाऱ्यांनी हात सैल केले, लोकांनी अक्षतांच्या मुठी उचलल्या, आणि माझ्याच भोंग्यातून आवाज आला, "पंगतीत बसलेल्यांनी उठू नये, भात यायलाय!"

अर्धा मांडव खाली बसला.

मग भटजींनी जीव खाऊन "सावधान" म्हटलं. ते इकडं कुणाला ऐकूच आलं नाही. ते गेलं खालच्या आळीला. तिथं लग्न सकाळीच लागलेलं, माणसं जेवत होती. पण सावधान ऐकल्यावर मराठी माणसाचा हात थांबतो का? ज्यांच्या खिशात अक्षता उरल्या होत्या त्यांनी त्या उडवल्या. लोकांच्या वरणात अक्षता पडल्या.

मी तडक बन्सीकडं गेलो. त्याच्या हातात बघतो तर तोच माइक. तीच दांडी, तीच लाल पट्टी, त्याच दुकानातला.

"माझी नक्कल करतोस?" मी विचारलं.

"अप्पा, मी तुमच्या आधी आणलाय," तो म्हणाला. "दोन दिवस आधी. दुकानदाराला इचारा."

घरी येऊन महादेवीला सगळं सांगितलं. ती शांतपणे भाकरी थापत होती. म्हणाली, "मी त्या दिवशी दारात हेच सांगायले होते."

मग सांगायचं होतं नीट!

११ मार्च, बुधवार

परभणीला रेडिओ दुरुस्तीवाल्याकडं माझा माइक आणि पेटी नेली. त्यानं पेटी उघडली, फुंकर मारली, मान हलवली. या मालाची पेटी रेडिओच्या काट्यासारखी एकाच ठिकाणी बसवून दिलेली असते म्हणाला. बळंच फिरवली तर आपल्या उन्हात आपोआप सरकते आणि मग तुमचा माइक तुमच्याच पेटीला ओळखत नाही. बन्सीची पेटीही तिथंच बसवलेली. म्हणजे दोन माणसं आणि एकच वाट.

"मग ही वाट कुणाच्या मालकीची?" मी विचारलं.

"हवा हाय अप्पा," तो म्हणाला. "हवेचा सातबारा निघतो का?"

परत येतो तर यात्रा कमिटीचे व्यंकटराव ओट्यावर बसलेले. आमच्या महादेवाची यात्रा चैत्रात, पाडव्यानंतर. माझ्या वडिलांपासून देवळापुढचा मांडव आणि माइक आमचा. दोन वर्षांपासून कुस्त्यांचा फड बन्सीकडं आहे. व्यंकटराव म्हणाले, "सिद्रामप्पा, लग्नात जे झालं ते यात्रेत झालं, तर पुढल्या साली समदं काम परभणीच्या पार्टीला देणार. त्यांच्याकडं मोठं मशीन हाय. तुमचं दोघांचं खामखा भांडण गावानं का ऐकावं?"

यात्रा परभणीला! म्हणजे ज्या पिंपळावर वडिलांनी पहिला भोंगा बांधला, त्याच पिंपळावर कुणी परका शिडी लावणार. पैसा जाऊ दे, मला ते डोळ्यांनी बघवणार नाही.

महादेवी म्हणाली, "वायरचा माइक हाय की आपल्याकडं."

तिला काय सांगणार? लोकांनी एकदा बिनवायरचा बघितला. आता वायर ओढत फिरलो तर लहान पोरंसुद्धा हसतील.

१३ मार्च, शुक्रवार

उपाय सापडला. हवेत जो आधी शिरतो तो बोलत राहिला की दुसऱ्याला जागाच मिळत नाही. म्हणून आज सकाळी उठल्या उठल्या माइक चालू केला आणि हवा धरून ठेवली. आधी महादेवाचं नामस्मरण केलं. मग दुकानाची जाहिरात. मग विषय संपले म्हणून या डायरीतले शेतीचे सल्ले वाचून दाखवले. भुईमुगाला पाणी कधी द्यावं ते आता अख्ख्या पिंगळीला पाठ आहे.

बन्सीला दुपारपर्यंत एक शब्द बोलता आला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसून माझ्याकडं बघत तंबाखू मळत होता. जिंकलो!

घसा जरा खवखवतो आहे.

१४ मार्च, शनिवार

आवाज पूर्ण बसला. एक अक्षर फुटत नाही. महादेवीनं हळद घालून दूध दिलं.

घर फार शांत वाटलं. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज होतो हे मला आजवर माहीत नव्हतं. महादेवी बऱ्याच वेळानं बोलायला लागली. पहिल्यांदा दोन-तीनदा माझ्या तोंडाकडं बघून थांबली, सवयीनं. मग बोलली.

ती म्हणाली, "गिरणीवर बघा. आमी बाया दळण घिऊन जाताव. कुणाचं पोतं असतं, कुणाचा शेरभराचा डबा. डबेवालीच्या घरी चूल पेटलेली असती, पोरं भुकेली असतात. मग पोतेवाली म्हणती, जा बाई तू आधी. डबा लवकर होतो, ती जाती. पोतं उशिरा लागतं, पण एकदा लागलं की त्याच्या मधी कुणी बोलत न्हाई. ज्याला घाई त्याला आधी पाळी, पण थोडीच. ज्याला सवड त्याला उशिरा, पण मोठी. गिरणीवर कधी भांडण झालेलं ऐकलंय का?"

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं म्हणून.

२० मार्च, शुक्रवार

घसा सुटला आणि मला एक नामी कल्पना सुचली. हवेचं गिरणीसारखं करायचं! ज्याला घाई त्याला आधी पण थोडं, ज्याला सवड त्याला उशिरा पण भरपूर. महादेवीला सांगितलं. ती पदराआड हसली. कल्पना आवडली असावी.

देवळाच्या पारावर बैठक भरली. व्यंकटराव, बन्सी, मी आणि भीमनगरातले आश्रुबा. चौदा एप्रिलच्या बाबासाहेबांच्या जयंतीचा माइक बन्सीकडं, आणि त्याच संध्याकाळी देवळात माझ्याकडं भजन, म्हणून आश्रुबाही या भानगडीत ओढले गेले. आश्रुबा रेल्वेत गँगमन आहेत. कमी बोलतात आणि बोलले की समोरचा खाली बघतो.

व्यंकटरावांनी सुरुवात केली. "साधी गोष्ट हाय. मानानं पाळी लावा. आधी देऊळ, मग पाटील, मग सरपंच, मग..."

"मग आमी," आश्रुबा म्हणाले. "मालक, मानानं पाळी लावली की आमची कधी येतच न्हाई. आडावर बी तशीच लावलीती तुमी लोकांनी. इद्यापीठाच्या नावासाठी पंध्रा वर्सं झाली, अजून थांबायलाव. आता हवेला बी रांग लावताव व्हय?"

नामांतराचा विषय निघाला की या गावात सगळ्यांनाच आपल्या चपला शोधायच्या असतात. मी एरवी अशा वेळी बोलून बोलून विषय बुडवतो. पण त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते मला आतून लागलं. मी गिरणीचा नियम सांगितला. मान बघायचा नाही, घाई बघायची. माणूस पडला, जनावर सुटलं, आग लागली, तर पहिली पाळी. फक्त "घाई" असा शब्द उच्चारायचा, बाकी सगळ्यांनी बटण बंद करायचं, आणि त्यानं दोन वाक्यांत आटपायचं. मग मुहूर्ताच्या गोष्टी, मग मिरवणूक आणि कुस्ती, आणि भाषणं, देणग्या, आभार सगळ्यात शेवटी, हवा रिकामी असेल तेव्हा. बोलायच्या आधी दुसऱ्याचा आवाज येतो का ते ऐकायचं. तरी दोघं एकदम बोललो, तर दोघांनी बंद करून दहा आकडे मोजायचे. दुसऱ्याची पाळी असेल तेव्हा आपल्या मशीनचा आवाज पार खाली करायचा. फक्त "घाई" ऐकली की वर.

आश्रुबांनी विचारलं, "आन् घाई सगळ्यांची सारखी? आमच्या वस्तीतली बी?"

"गिरणीला वस्ती कळत नाही," मी म्हणालो.

ते हसले. पहिल्यांदाच बघितलं.

"लय चांगलं सुचलं अप्पा," बन्सी म्हणाला, पण बघत मात्र आमच्या घराच्या दिशेनं होता.

२७ मार्च, शुक्रवार

आज रंगीत तालीम. मी देवळापाशी, बन्सी समोर दिसणाऱ्या फडाच्या माळावर. मी नीट ऐकलं, हवा रिकामी होती, बटण दाबलं. नेमकं त्याच क्षणी त्यानंही ऐकून, रिकामी बघून दाबलं. भोंग्यातून अशी शिट्टी निघाली की पिंपळावरचे कावळे उठले.

ठरल्याप्रमाणे दोघांनी बंद केलं. ठरल्याप्रमाणे दोघांनी दहा आकडे मोजले. आणि दोघांनी पुन्हा एकदम दाबलं. पुन्हा शिट्टी, पुन्हा दहा, पुन्हा शिट्टी! मग मला त्याची दया आली. त्याला आधी बोलू द्यावं म्हणून मी दाबून म्हणालो, "तू बोल." तोही त्याच वेळी म्हणत होता, "तुमी बोला अप्पा." दोन चांगली माणसं एकमेकांना वाट देता देता दारात अडकावीत तशी गत झाली. माळावरून व्यंकटराव ओरडत आले की भांडत होतात तेच बरं होतं.

शेवटी बन्सी वैतागला आणि खाली बसून तंबाखू मळायला लागला. तेवढ्यात माझं बोलणं सुरळीत होऊन गेलं. माझं झालं तेव्हा त्याची चिमूट ओठाखाली गेली होती. त्यानं बोलायला सुरुवात केली.

दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला. दोघांनी सारखं मोजलं की पुन्हा आपटणारच. तंबाखू कधी सारख्या वेळात मळून होते का? पान कोरडं असलं तर लवकर, ओलं असलं तर उशिरा, चुना जास्त झाला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून नवा नियम केला. शिट्टी झाली की बन्सीनं तंबाखू मळायची आणि मी सुपारी कातरायची. मी तंबाखू खात नाही, पण माझा अडकित्ता सदऱ्याच्या खिशात असतो. ज्याचं आधी होईल त्यानं ऐकून बोलावं. पुन्हा आपटलं तर त्यानं दोन चिमटी मळायच्या, मी दोन सुपाऱ्या कातरायच्या. संध्याकाळपर्यंत एकदाही तिसऱ्यांदा शिट्टी झाली नाही. सुपारीनं तोंड मात्र तुरट झालं.

घरी जेवताना हे सगळं महादेवीला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "एक इचारू का?"

मी म्हणालो, थांब, अजून पुढं आहे. मग सांगून झाल्यावर तिला काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं.

४ एप्रिल, शनिवार. पाडवा

गुढी उभारली. गुढीची साखरेची माळ मी आणलेली नव्हती, चांगली टपोरी गाठी होती. कुणी आणली विचारलं तर महादेवी म्हणाली, "आली एकाकडून." समोरच्या दुकानावरच्या गुढीला तस्सीच गाठी होती. पिंगळीत एकच हलवाई असल्यामुळं असं होतं.

महादेवीनं पुरणपोळ्या जरा जास्तच केल्या होत्या. दुपारी डब्यातल्या चार कमी दिसल्या. मांजर माजलं आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

डायरीचा आजचा सल्ला: उन्हाळी नांगरट वेळेवर करा. आम्ही आज वेगळीच जमीन नांगरली.

जयंतीची मिरवणूक निळे झेंडे घेऊन भीमनगरातून निघाली. बन्सीचा माइक आश्रुबांच्या हातात. देवळात भजन माझ्याकडं. शिट्टी झाली आणि मिरवणुकीचा आवाज तुटला, तर ते मुद्दाम केलं असंच म्हणतील, आणि मग गावात काय होईल ते मला ठाऊक आहे. लोक ठिणगीची वाटच बघत असतात.

मिरवणूक देवळासमोर आली तेव्हा मी मशीनचा आवाज पार खाली केला. भजनी मंडळी नुसत्या टाळांवर म्हणत राहिली. आश्रुबांनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं, घोषणा झाल्या, मग थांबून माइकमधूनच म्हणाले, "आमचं झालं. देवळाची पाळी." एवढं बोलून बटण बंद. आमच्या अभंगाचं पुढचं कडवं भोंग्यातून त्यांच्या मिरवणुकीच्या डोक्यावरून गेलं. ठिणगी पडली नाही. एक म्हातारी निळी साडी नेसून मिरवणुकीत चालत होती, तिनं चालता चालता अभंगाला ठेकाही धरला.

घोटाळा केला तो व्यंकटरावांनी. मधेच माझा माइक घेऊन "घाई! घाई!" म्हणाले. सगळ्यांनी बंद केलं. दोन्हीकडचे लोक श्वास रोखून उभे. आणि हे म्हणतात काय, तर स्वतःच्या सत्काराचा हार अजून आला नाही!

तिथल्या तिथं नियम झाला. खोटी घाई करणाऱ्याची घाई दिवसभरासाठी गेली. आश्रुबा म्हणाले, "गिरणीवर पोतं आणून डबा हाय म्हणणारा मानूस." व्यंकटरावसुद्धा हसले, आणखी काय करणार?

१६ एप्रिल, गुरुवार

यात्रेचा मोठा दिवस.

दुपारनंतर ऊन चढलेलं. देवळापुढच्या माझ्या मांडवात बायका आणि लेकरं सावलीला दाटीवाटीनं बसलेली. मी माइक घेऊन व्यासपीठावर उभा. पालखी यायला वेळ होता, हवा रिकामी होती, म्हणून देणगीदारांची नावं संपवून माझ्या वडिलांनी पहिला भोंगा बैलगाडीतून कसा आणला ती हकीकत सांगत होतो. लोक मन लावून ऐकत होते, निदान उठून तरी जात नव्हते.

महादेवी व्यासपीठापाशी आली. "अहो, जरा ऐका."

मी हातानं थांब म्हटलं. बैलगाडी नुकतीच ओढ्यात रुतली होती.

"अहो, मांडवाचा..."

मी पुन्हा हात केला. तिनं माझ्याकडं एक क्षण बघितलं आणि वळून पळत सुटली. महादेवीला मी पळताना लग्नानंतर कधी बघितलेलं नाही. तरी मी बैलगाडी ओढ्यातून काढत राहिलो. हे असं लिहिताना मला कसंतरीच होतं.

मग शिट्टी झाली. कानठळ्या बसवणारी. मला वाटलं, बन्सीनं घात केला. माझी पाळी चालू असताना मधेच घुसला! ओठांवर शिवी आली होती. पण नियम म्हणजे नियम, आणि तो मीच सांगितलेला. बटण बंद केलं, खिशातून अडकित्ता काढला, सुपारी धरली.

आणि पिंपळावरच्या भोंग्यातून, फडाच्या माळावरच्या भोंग्यातून, सगळीकडून एकदम माझ्या बायकोचा आवाज आला.

"घाई. मी महादेवी, माइकवाल्या सिद्रामप्पाच्या घरची. मांडवाचा उगवतीकडचा खांब जमिनीतून सुटलाय, वावटळ यायली. बायांनी लेकरं घिऊन देवळात जावं, गड्यांनी दोराला यावं. झालं."

कामाची दोन वाक्यंच. कुणी किंचाळलं नाही, कुणी चेंगरलं नाही. आवाज इतका घरचा होता की लेकरं उठली आणि देवळात गेली, जेवायला हाक मारल्यासारखी. मी मागं बघितलं तर खांब दात हलावा तसा हलत होता. फडातले पैलवान अंगाला माती लागलेली तसेच धावले, आश्रुबांनी भीमनगरातली पोरं आणली, दोर धरले गेले. वावटळ आली ती भिंतीसारखी. मांडव एकदा फुगला, दोर सुटेनात म्हणून आडवा झाला आणि रिकाम्या जागेवर अलगद बसला. त्याखाली माझं व्यासपीठ होतं. धावताना माइक मी तिथंच टाकला होता.

धूळ बसली तेव्हा महादेवी माळावरून चालत येत होती. केस मोकळे, श्वास लागलेला. मागं बन्सी. मी त्याला म्हणालो, "तू तिला माइक दिलास?"

"काकू आल्या, हात पुढं केला, मी दिला," तो म्हणाला. "कामून इचारू? काकू खामखा पळायच्या न्हाईत."

मी कुणासमोर रडत नाही. डोळ्यांत धूळ गेली होती, सगळ्यांच्याच गेली होती. मी बन्सीला धरलं आणि म्हणालो, त्या लग्नात मी जे बोललो ते माइक बंद असता तरी बोलायला नको होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या अप्पा, मशीन उन्हात होतंच की."

पालखी आली तेव्हा एकच माइक उरला होता, बन्सीचा. शिट्टीचा प्रश्नच मिटला. कुस्ती आणि पालखी दोन्ही त्यावर झालं, पाळीपाळीनं.

शेवटी व्यंकटराव आले. आम्ही दोघं जवळ जवळ उभे राहिलो, शाळेत निकालाला राहतात तसे. ते म्हणाले, "परभणीच्या पार्टीला निरोप देतो, येऊ नका म्हणून. यात्रा गावातच राहील. पण मी दोन दुकानांशी बोलायचा न्हाई. इंतजाम एकाच्या नावावर मुकर्रर करा. कुणाच्या?"

मी बन्सीकडं बघितलं, बन्सीनं माझ्याकडं. दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि दोघंही थांबलो. त्यानं तंबाखूची डबी काढली, मी अडकित्ता काढला. लोक हसायला लागले. पण या वेळी ते लागलंच नाही, कारण आम्हाला एकच नाव घ्यायचं होतं.

"महादेवीच्या," मी म्हणालो.

"काकूच्या," तो म्हणाला.

एकदम बोललो, तरी शिट्टी झाली नाही.

१७ एप्रिल, शुक्रवार

सकाळी मांडवाचं कापड आवरलं. माझा माइक सापडला, चपटा झालेला. बन्सी दुपारी जेवायला आला. पुरणपोळी वाढताना महादेवीनं त्याला विचारलं, "पाडव्याच्या बराबर झाल्यात का?" तो म्हणाला, त्याहून मऊ. मी मांजराला उगाच चार दिवस उपाशी ठेवलं.

तो गेल्यावर ही डायरी पहिल्या पानापासून वाचली. वाचता वाचता मला गरम व्हायला लागलं. मी महादेवीला हाक मारली. ती तांदूळ निवडत होती.

म्हणालो, "त्या तालमीच्या दिवशी जेवताना तुला काहीतरी विचारायचं होतं. काय होतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. "त्याच्या आधीचं बी हाय," ती म्हणाली. "लय हाय. येळ हाय का तुमाला?"

"घाईचं आहे का सवडीचं?"

"सवडीचं," ती म्हणाली. "पोतं हाय."

मी भिंतीला टेकून बसलो आणि अडकित्ता काढला. ती माहेराच्या विहिरीपासून सुरू झाली. तिला पोहता येतं, हे मला माहीत नव्हतं. मी मधेच "अगं, आमच्या..." म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. आता ती तिच्या आईनं शिकवलेल्या गाण्यावर आली आहे. डायरी मांडीवर आहे म्हणून एवढं लिहिलं.

सुपारी कातरून झाली. तिचं बोलणं चालू आहे. मी दुसरी घेतली.